जहाजावर उतरलं म्हणजे पास झालं का? हल्ला करणाऱ्या हेलिकॉप्टरची समुद्रातली परीक्षा

‘सुधारित हल्ला हेलिकॉप्टरची युद्धनौकेवर यशस्वी चाचणी’ अशी बातमी आली की सोबत ठरलेला फोटो असतो. करडं डेक, त्यावर क्षेपणास्त्रं लटकवलेलं हेलिकॉप्टर आणि मागे निळा समुद्र. साताऱ्यात असल्या बातम्या जरा जास्तच चवीने वाचल्या जातात. देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 साली इथे सुरू झालं, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव पिढ्यान्‌पिढ्या फौजेला माणसं देत आलंय आणि एनडीएची तयारी करणारी मुलं तर गल्लोगल्ली भेटतात. पण आपला मुलूख पडला घाटमाथ्याचा. कान्होजी आंग्र्यांचं आरमार साताऱ्याच्या गादीचं होतं हे खरं, तरी आज इथल्या पारावर गप्पा रंगतात त्या पायदळाच्या आणि तोफखान्याच्या. डेकवर हेलिकॉप्टर उतरवताना काय काय बिघडतं, यावर सहसा कुणी बोलत नाही.

तर पहिली गोष्ट. उतरणं हा या चाचणीतला सर्वांत फोटोजोगा भाग आहे, सर्वांत अवघड नाही. समुद्र शांत असेल तर कसलेला वैमानिक जवळपास कुठलंही हेलिकॉप्टर मोठ्या जहाजावर टेकवू शकतो. तपासायचं असतं ते वेगळंच: नेहमीचा, थकलेला वैमानिक पूर्ण शस्त्रांसह, रात्री, हलणाऱ्या डेकवर हेच काम किती वाऱ्यापर्यंत बिनधोक करू शकतो? उतरल्यावर पंखा थांबवता येतो का? पाती दुमडून लिफ्टने खाली नेता येतं का? महिनाभर खाऱ्या हवेत राहून ते पुन्हा उडतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर तो फोटो फक्त फोटोच राहतो.

जुनं चालत होतं, मग नव्याला परीक्षा कशाला?

अमेरिकी मरीन कोअरचं उदाहरण घेऊ, कारण जहाजावरून हल्ला हेलिकॉप्टर चालवण्याचा त्यांच्याइतका जुना अनुभव क्वचितच कुणाला असेल. त्यांचं एएच-1डब्ल्यू ‘सुपर कोब्रा’ वर्षानुवर्षं जहाजांवरून उडत होतं. त्याचीच सुधारित आवृत्ती म्हणजे एएच-1झेड ‘व्हायपर’. एएच-1 हे मूळ नाव तेच, दोन माणसं एकामागे एक बसण्याची रचना तीच, खालचे स्किड, म्हणजे चाकांऐवजी असलेले लांब नळीसारखे पाय, तसेच, मुख्य पंख्याचा व्यासही तोच, सुमारे 14.6 मीटर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की इंजिन आणि वैमानिकासमोरचे स्क्रीन बदलले, बाकी काय!

बाकी बरंच. कोब्राच्या पंख्याला दोन पाती होती, व्हायपरला चार आहेत. कोब्राचं जास्तीत जास्त वजन सुमारे 6,690 किलो होतं, व्हायपरचं 8,390 किलो. म्हणजे त्याच पंख्याच्या घेरावर 1,700 किलोचा जादा भार. दोन पाती असली की काम सोपं असतं. हेलिकॉप्टर थांबल्यावर पंखा शेपटीच्या रेषेत फिरवून बांधला की अंग अरुंद होतं, दुमडायची गरजच पडत नाही. चार पाती असली की दोन आडवी राहणारच, म्हणून दुमडण्याची यंत्रणा आली, तिच्या पिना आल्या, कुलपं आली आणि ती अडकण्याची शक्यताही आली. पंखा बदलला की तो सुरू-बंद करतानाची वाऱ्याची मर्यादा बदलते. शेपटीचा पंखा बदलला की आडव्या वाऱ्यातला ताबा बदलतो. इलेक्ट्रॉनिक्स बदललं की जहाजाच्या रडारशी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. थोडक्यात, जहाजाच्या दृष्टीने ते नवंच यंत्र असतं.

व्हायपर आणि त्याचं भावंड यूएच-1वाय यांची समुद्रातली चाचणी मे 2005 मध्ये यूएसएस बटान या जहाजावर झाली. यूएच-1वाय पहिल्यांदा तैनातीवर गेलं जानेवारी 2009 मध्ये आणि व्हायपर नोव्हेंबर 2011 मध्ये. व्हायपरची डेकवरची चाचणी आणि प्रत्यक्ष कामगिरी यांत सहा वर्षं गेली. सगळा वेळ समुद्रामुळे लागला असं नाही, पण ‘चाचणी यशस्वी’ आणि ‘सेवेत दाखल’ यांतलं अंतर किती असतं याचा अंदाज यावरून येतो.

वारा: एक खरा, एक जहाजाने तयार केलेला

विमानतळावर वारा एकच असतो. जहाजावर दोन वाऱ्यांची बेरीज असते, आणि बेरीज म्हणजे दिशेसकट बेरीज. जहाज 15 नॉट वेगाने चाललंय आणि समोरून 20 नॉटचा वारा येतोय, तर डेकवर 35 नॉट जाणवतील. तोच वारा मागून आला तर फक्त 5. आणि तो बरोबर आडवा आला तर डेकवरचा वारा 25 नॉटचा, जहाजाच्या नाकापासून साधारण 53 अंशांवरून येणारा. बारावीतला सदिशांचा धडा इथे रोज वापरला जातो. (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.) म्हणूनच हेलिकॉप्टर उतरायच्या वेळी कप्तान जहाजाची दिशा आणि वेग बदलून हवा तो वारा ‘बनवून’ देतो.

हा झाला मोकळा वारा. डेकवर पोचेपर्यंत तो मोकळा राहत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात कड्याच्या काठाशी उभं राहिलेल्याला हे लगेच कळेल. काठावर वारा खालून उसळून अंगावर येतो, थोडं आत सरकलं की अचानक पडतो आणि मध्येच उलट्या बाजूने थप्पड मारतो. जहाजाची उभी भिंत, मनोरा, डेकची कड, सगळे असलेच कडे आहेत. लहान युद्धनौकेवर हेलिकॉप्टरची जागा मागे, हँगरच्या (हेलिकॉप्टर ठेवायच्या खोलीच्या) भिंतीआड असते. समोरचा वारा हँगरच्या छतावरून उडी मारून नेमका डेकवर कोसळतो आणि तिथे भोवरे घुमत राहतात. बटानसारख्या सपाट डेकच्या जहाजावर मनोरा उजव्या कडेला असतो. त्यामुळे वारा उजवीकडून आला की डावीकडच्या उतरण्याच्या जागांवर त्या मनोऱ्याचे भोवरे येतात. शिवाय धुरांड्याचा गरम धूर असतो. तो हेलिकॉप्टरच्या इंजिनात शिरला की आत जाणारी हवा तापते आणि ऐन गरजेच्या वेळी ताकद घटते.

हल्ला हेलिकॉप्टरला हे सगळं जास्त बोचतं, कारण ते भरलेलं येतं. क्षेपणास्त्रं, रॉकेटं, तोफेच्या गोळ्या, इंधन. हवेत एका जागी स्थिर राहायलाच इंजिनाची बहुतेक ताकद खर्ची पडते. जमिनीजवळ पंख्याखालची हवा दबते आणि थोडा आधार मिळतो. हा आधार साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत जाणवतो. जहाजाशेजारी, पाण्यापासून पंधरा-वीस मीटर वर तरंगताना तो आधार जवळजवळ नसतो. मग वैमानिक आडवा सरकत डेकवर येतो, तेव्हा एक क्षण असा येतो की अर्धा पंखा डेकवर असतो आणि अर्धा पाण्यावर. डेकवरच्या अर्ध्याला आधार मिळतो, दुसऱ्याला नाही. हेलिकॉप्टर समुद्राच्या बाजूला कलू पाहतं. वैमानिक ते सावरतो, तोवर डेक वर येत असतं.

डेक किती हलतं? रुंदी 30 मीटर असलेलं जहाज पाच अंश कललं तर मधल्या रेषेपासून 15 मीटरवरची कड सुमारे 1.3 मीटर वरखाली होते. नाक-शेपटीच्या दिशेने जहाज फक्त एक अंश झुललं, तरी मध्यापासून 100 मीटर मागची जागा पावणेदोन मीटर उचलली जाते. यात जहाजाचं सबंध अंग लाटेवर चढ-उतार करतं ते अजून धरलेलंच नाही. त्यामुळे वैमानिक डेकच्या मागे धावत नाही. तो डेकच्या सरासरी उंचीवर स्थिर राहतो आणि लाटांमधली शांत घडी शोधतो. अशा काही सेकंदांच्या निवांत वेळा येत असतात. त्यातली एक पकडायची आणि ठामपणे टेकायचं. हळुवार, नाजूक उतरणं इथे दोष मानला जातो. अर्धवट टेकलेलं हेलिकॉप्टर, एका पायावर वजन, पंख्याची उचल चालू आणि डेक कललेलं, या अवस्थेत ते त्या पायाभोवती उलटू शकतं.

तक्ता कसा तयार होतो

चाचणीतून शेवटी हवा असतो तो एक तक्ता: कुठल्या दिशेच्या किती वाऱ्यात उतरणं बिनधोक आहे हे सांगणारा. त्याच्या कामाची सुरुवात समुद्रावर होत नाही. पहाटे वारा पडलेला असताना धावपट्टीवर एक गाडी ठरलेल्या वेगाने चालवतात आणि हेलिकॉप्टर तिच्या जोडीने आडवं, उलटं, तिरकं उडवतात. गाडीचा वेग म्हणजेच वाऱ्याचा वेग, दिशा हवी ती. यातून कळतं की कुठल्या कोनातून किती वारा आला की पेडल संपतं, म्हणजे शेवटपर्यंत दाबूनही नाक वळायचं थांबत नाही. साधारणपणे कुठल्याही नियंत्रणात दहा टक्के तरी शिल्लक असावी असा दंडक असतो.

मग जहाज. हेलिकॉप्टरच्या आत पेडल, दांडी, इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर), पंख्याचे फेरे मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. डेकवर हालचाल मोजणारी, उतरण्याच्या जागेवर वारा मोजणारी यंत्रं. पहिलं उतरणं सोप्यात सोपं: दिवसा, हलकं वजन, नाकावरून मध्यम वारा. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वारा थोड्या नॉटनी वाढवा किंवा दिशा थोडे अंश फिरवा. दोन्ही एकदम नाही, कारण बिघडलं तर कशामुळे ते कळायला हवं. मग तेच वजन वाढवून, मग तेच रात्री, मग रात्री नाइट व्हिजन गॉगल लावून, आणि मग प्रत्येक उतरण्याच्या जागेसाठी पुन्हा.

प्रत्येक वेळी वैमानिक गुण देतो. अमेरिकी नौदलाच्या पद्धतीत चार श्रेणी आहेत. पहिली म्हणजे काही अडचण नाही. दुसरी म्हणजे मेहनत पडली, पण नेहमीचे वैमानिकही हे कायम सुरक्षितपणे करतील. तिसरी म्हणजे अनुभवी चाचणी वैमानिकाने सगळं कसब लावून जमवलं. चौथी, नकोच. सीमारेषा दुसरी आणि तिसरीच्या मधून जाते. हे नीट लक्षात घेण्यासारखं आहे: तिसऱ्या श्रेणीत हेलिकॉप्टर उतरलेलं असतं, फोटोही झकास आलेला असतो, तरी ती जागा तक्त्याच्या बाहेर राहते.

या सगळ्यातून निघणारा तक्ता म्हणजे एक वर्तुळाकार आलेख. मध्यभागी जहाज, कोन म्हणजे वाऱ्याची दिशा, मध्यापासूनचं अंतर म्हणजे वेग. त्यात एक वेडावाकडा भाग रंगवलेला असतो, त्याच्या आत असाल तर उतरा. समोरून वारा असताना तो भाग लांब पसरतो, मागून वारा असताना आखडतो. बाजूला डेकच्या कलण्या-झुलण्याची मर्यादा लिहिलेली असते, काही थोड्या अंशांची. हेलिकॉप्टर तेच पण जहाजाचा वर्ग दुसरा, तर आलेख दुसरा. जहाज तेच पण उतरण्याची जागा दुसरी, तरी बहुधा दुसराच.

चाचणीचे दिवस वाया कशाने जातात? बऱ्याचदा चांगल्या हवामानाने! समुद्र आरशासारखा असला तर डेकवरचा वारा जहाजाच्या वेगाइतकाच आणि तोही समोरूनच. बटानच्या वर्गातलं जहाज जेमतेम बावीस-चोवीस नॉट पळतं. मग 40 नॉटचा किंवा आडवा वारा आणायचा कुठून? वाईट हवामान शोधत फिरावं लागतं. आणि ते हवं तेवढंच वाईट असावं लागतं.

पंखा सुरू करताना आणि थांबवताना

बातमीत हा भाग कधीच येत नाही, आणि आमच्या मते खरी परीक्षा इथे आहे.

फिरणारं पातं ताठ दिसतं ते त्याच्या मजबुतीमुळे कमी आणि वेगामुळे जास्त. हिशेब करून पाहा. पात्याचं वजन 100 किलो धरा, त्याचा गुरुत्वमध्य मधल्या खांबापासून 3.6 मीटरवर, आणि पंखा मिनिटाला 300 फेरे फिरतोय. पात्याला बाहेर खेचणारं बल निघतं सुमारे 36 टन. इतक्या ओढीखाली पातं वाकेल कुठलं! आता फेरे दहा टक्क्यांवर आणा, मिनिटाला 30. बल वेगाच्या वर्गाने घटतं, म्हणून ते दहा टक्के उरत नाही, एक टक्का उरतं: 360 किलो. आता ते पातं म्हणजे एक लांब, लवचीक फळी आहे आणि जहाजावर 35 नॉटचा वारा तिच्या खाली शिरतोय.

डेकच्या कडेवर वारा खालून वर उसळतो, हे वर आलंच आहे. हळू फिरणारं पातं त्या झोतात शिरलं की उचललं जातं, पलीकडे गेलं की धपकन खाली येतं. खाली शेपटी असते, किंवा डेकवर वाकून चालणारा माणूस. जुन्या दोन पंख्यांच्या एच-46 हेलिकॉप्टरची पाती अशाच वेळी स्वतःच्याच पाठीवर आपटल्याच्या घटना अमेरिकी नौदलात अनेकदा घडल्या. त्यामुळे पंखा सुरू करण्याची आणि थांबवण्याची वाऱ्याची मर्यादा स्वतंत्र काढतात आणि ती बऱ्याचदा उतरण्याच्या मर्यादेपेक्षा कडक असते. अशी वेळ येऊ शकते की हेलिकॉप्टर सुखरूप उतरलंय, पण पंखा थांबवायला वारा जास्त आहे. मग इंजिन चालू ठेवून, इंधन जाळत, जहाज वळेपर्यंत बसून राहायचं.

उपाय तीन. पंख्याला जोरदार ब्रेक, म्हणजे धोक्याच्या मंद वेगातून तो लवकर पार होतो. पात्यांना खाली झुकण्यापासून रोखणारे अडथळे, जे कमी फेऱ्यांवर आपोआप पुढे येतात. आणि कप्तानाला सांगून वारा बदलून घेणं. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा, फक्त त्या वेळी जहाजाला दुसरं काही काम नसावं लागतं.

साखळ्या, स्किड आणि चाकं

हेलिकॉप्टर टेकलं. आता डेकवर चार माणसं वाकून धावत येतात. ती समोरून किंवा बाजूने येतात, वैमानिकाला दिसतील अशी; मागून कधीच नाही, कारण तिथे शेपटीचा पंखा आहे आणि फिरताना तो जवळजवळ दिसत नाही. अमेरिकी जहाजांवर हे निळ्या सदऱ्यातले. पिवळे सदरे हाताने खुणा करतात, जांभळे इंधन भरतात, लाल शस्त्रं सांभाळतात. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा रंगावरून माणूस ओळखायचा. प्रत्येकाच्या खांद्यावर साखळी असते. तिचं एक टोक हेलिकॉप्टरच्या कड्यात, दुसरं डेकमध्ये बसवलेल्या खाचेत, मध्ये ताण देण्याचा स्क्रू.

साखळी कितीही घट्ट आवळा, असं इथे चालत नाही. अपाचे या दुसऱ्या अमेरिकी बनावटीच्या हल्ला हेलिकॉप्टरसारख्यांची पाती मधल्या खांबापाशी थोडी पुढेमागे डुलू शकतात. पंखा फिरत असताना ही डुलकी आणि पायांच्या स्प्रिंगची डुलकी एकाच तालात आली तर हलणं वाढतच जातं आणि काही सेकंदांत हेलिकॉप्टर स्वतःला मोडून टाकतं. पायातले शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही डुलकी शोषायला असतात. साखळ्यांनी पायच जखडले तर ते काम करू शकत नाहीत. म्हणून पंखा फिरत असताना साखळीला थोडी सैल ठेवायची, थांबल्यावर आवळायची. वादळाचा इशारा असेल तर साखळ्यांची संख्या दुपटी-तिपटीने वाढते.

व्हायपरला चाकं नाहीत, स्किड आहेत. हलकं आणि साधं काम, पण डेकवर ढकलायचं तर आधी स्किडला सुटी चाकं जोडा, उचला, मग ओढा. अपाचेला चाकं आहेत, तर वेगळी डोकेदुखी: शेपटीचं चाक मोकळं फिरतं, कललेल्या डेकवर ते कुलूपबंद केलं नाही तर शेपूट आपल्या मर्जीने वळते. डेकवर खरखरीत लेप असतो, तरी तेल आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की पाच अंशांचा उतारही पुरेसा होतो.

वीज, रडार आणि रॉकेट

जमिनीवरच्या तळावर मोठं रडार हेलिकॉप्टरपासून दूर असतं. जहाजावर ते डोक्यावर असतं. रॉकेट पेटतं ते विजेच्या छोट्याशा झटक्याने. रडारच्या लहरींनी लोंबत्या वायरीत तेवढा प्रवाह तयार झाला तर? म्हणून शस्त्रांसह हेलिकॉप्टर शक्तिशाली लहरींसमोर ठेवून आधी किनाऱ्यावर तपासतात. मग कुठलं रडार कधी बंद ठेवायचं, शस्त्र जोडताना कुठला प्लग शेवटी लावायचा हे ठरतं. धोका फक्त रडारचा नाही. 29 जुलै 1967 रोजी यूएसएस फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर एका विमानाची वीज बाहेरच्या पुरवठ्यावरून आतल्या पुरवठ्यावर वळवताना झटका बसला आणि एक झुनी रॉकेट आपोआप सुटलं. पुढच्या आगीत 134 माणसं गेली. सुरक्षा पिन शेवटच्या क्षणी, नाक समुद्राकडे असतानाच काढायची, हा नियम असल्याच घटनांनी शिकवला.

हल्ला हेलिकॉप्टरला आणखी एक खास अडचण. त्याची दिशादर्शक यंत्रणा सुरू होताना काही वेळ स्थिर राहून ‘खाली कुठे, उत्तर कुठे’ हे शिकते. धावपट्टीवर ठीक, पण डेक सरकतंय, कलतंय. स्थिर जमीन गृहीत धरणारी यंत्रणा तिथे चुकीचं शिकते, आणि मग नेम धरणारी दुर्बीणही चुकते. त्यासाठी उपग्रहाची किंवा जहाजाच्या यंत्रणेची मदत घेऊन हलत्या पायावर जुळणारं सॉफ्टवेअर लागतं.

इंधन आणि मीठ

विमानतळावरचं नेहमीचं जेट ए-1 इंधन 38 अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं. जहाजावरच्या जेपी-5 साठी ही किमान मर्यादा 60 अंश आहे. फॉरेस्टलसारखी जखम झाल्यावर नौदलं या बावीस अंशांवर तडजोड करत नाहीत. भूदलाचं हेलिकॉप्टर टाकीत जेट ए-1 घेऊन आलं तर ते डेकवर चालतं, पण खालच्या बंदिस्त हँगरमध्ये न्यायचं तर इंधनाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मीठ सावकाश काम करतं. गिअरबॉक्सचं कवच बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं, आणि लेपाला ओरखडा गेला की खाऱ्या हवेत ते पांढरं पडून भुसभुशीत होऊ लागतं. अ‍ॅल्युमिनियमला पोलादाचा बोल्ट लागला तिथेही तेच. रोज गोड्या पाण्याने धुणं, इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून पाणी सोडणं, विजेच्या जोडांना वंगण, ही सगळी मेहनत माणसांच्या तासांत मोजावी लागते. शेवटी खर्च वाढतो तो इथे.

भूदलाचं यंत्र समुद्रावर, आणि आपल्याकडे

ब्रिटिशांनी भूदलाचं अपाचे जहाजावर नेलं. 2005 मध्ये एचएमएस ओशनवर चाचण्या झाल्या, 2011 मध्ये त्याच जहाजावरून ती लिबियावर हल्ले करायला उडाली. त्यांच्या अपाचेंची पाती दुमडता येतात. वैमानिकांना पाण्यात उलट्या पडलेल्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण लागतं, कारण इंजिन आणि पंखा डोक्यावर असल्याने हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की उलटंच होतं. त्याच मोहिमेत फ्रेंचांनीही तिग्र हेलिकॉप्टरं जहाजावरून वापरली. रशियाने तर का-52 ची दुमडत्या पात्यांची आणि दुमडत्या छोट्या पंखांची स्वतंत्र नौदल आवृत्तीच बनवली.

आपल्या हवाई दलाने 22 अपाचे घेतली, त्यांतली पहिली पठाणकोटला सप्टेंबर 2019 मध्ये दाखल झाली. भूदलाच्या सहांपैकी पहिली तीन जुलै 2025 मध्ये आली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) देशी हल्ला हेलिकॉप्टर ‘प्रचंड’ 3 ऑक्टोबर 2022 रोजी जोधपूरला हवाई दलात आलं आणि मार्च 2025 मध्ये आणखी 156 चा करार झाला, 90 भूदलाला, 66 हवाई दलाला. प्रचंडची घडण उंच डोंगरांसाठी झाली. विरळ हवेत लागणारी जादा ताकद समुद्रावरच्या दमट उकाड्यातही उपयोगी पडेल, पण पाती दुमडणं, गंजरोधक लेप, डेकला घट्ट धरणारा हुक या गोष्टी मूळ आराखड्यात नसतील तर नंतर बसवणं महाग पडतं.

नौदलाने समुद्रासाठीच जन्मलेलं यंत्र घेतलं: 24 एमएच-60आर ‘सीहॉक’. ते पाणबुड्या शोधतं, टॉर्पेडो टाकतं आणि हेलफायर क्षेपणास्त्रही डागतं. इंजिन टी-700 घराण्यातलंच, व्हायपरमध्ये आहे तेच. 31 मे 2023 रोजी ते आयएनएस विक्रांतवर पहिल्यांदा उतरलं, आणि त्याची तुकडी, आयएनएएस 334, कोचीला 6 मार्च 2024 रोजी रुजू झाली. पाती आपोआप दुमडतात, शेपूटही दुमडते. तरीही विक्रांतवर उतरण्याचा आलेख अमेरिकी जहाजावरून उचलून आणता येत नाही. विक्रांतचा मनोरा वेगळा, पुढच्या टोकाचा चढ वेगळा, वारामापक बसवलेली उंची वेगळी.

या वारामापकावर बरंच अवलंबून असतं. आलेखातले आकडे ‘जहाजाच्या वारामापकाने दाखवलेला वारा’ असे असतात, डेकवर खरोखर वाहणारा नव्हे, कारण कप्तानासमोर काटा तेवढाच असतो. गोदीत दुरुस्तीसाठी गेलेल्या जहाजाच्या डोलकाठीवर नवा अँटेना चढवला आणि त्यासाठी वारामापक दोन मीटर बाजूला सरकवला, तर काटा आता वेगळंच वाचू लागतो. मग जुना आलेख बाजूला काढून चाचणी पथकाला पुन्हा बोलवावं लागतं.